घरातला मैदा

१४ जून २०२४

आजपासून गहू बंद. कमी नाही, अधूनमधून नाही, सणासुदीलाही नाही. मरेपर्यंत बंद. डॉ. जागृतींनी दुर्बिणीच्या तपासणीचा रिपोर्ट पुढ्यात ठेवला आणि म्हणाल्या, "मॅग्डलीनबाई, तुम्हाला सिलिअॅक आहे. गव्हात ग्लुटेन नावाचा चिकट भाग असतो, तो तुमच्या आतड्याला चालत नाही. कणभरसुद्धा नाही."

मी म्हटलं, एकसष्ट वर्षं पाव खाल्ला तेव्हा आतडं झोपलं होतं का? त्या हसल्या. खाडीकडच्या शेतकरी घरातली मुलगी, माणिकपूरला दवाखाना, बोलायला गोड. म्हणाल्या, हे कुठल्याही वयात निघतं. वर्षभर चाललेले जुलाब, कमी झालेलं रक्त, उतरलेलं वजन, सगळं यानेच. मला वाटलं होतं, सेबेस्टियन गेल्याचं दुःख आहे. नवरा गेल्यावर बाई वाळतेच, असं जो तो म्हणाला आणि मीही मान डोलावली.

घरी आल्यावर सुनेने, शॅननने, रिपोर्ट दोनदा वाचला. ती घरी केक करून विकते. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात तिचा ओव्हन, शेजारी मैद्याचं पिंप. वाचता वाचता तिचा चेहरा उतरला. माझ्यासाठी की केकसाठी, देव जाणे.

३ जुलै

मैदा कुठे कुठे लपतो याची मला या वयात शिकवणी लागली आहे. हिंगात मैदा! सोया सॉसमध्ये गहू, तयार सूपमध्ये गहू. तीस वर्षं मुलांना मराठी शिकवलं आणि आता भिंग घेऊन पाकिटांच्या मागची बारीक अक्षरं वाचत बसते. शॅनन मोबाइलवर शोधते आणि एकेक बरणी बाहेर काढते. माझा तवा वेगळा, चमचे वेगळे, मीठसुद्धा वेगळं.

बरं झालं आपण तांदळाची माणसं. तांदळाची भाकरी आणि बांगड्याचं कालवण असलं की गव्हावाचून कोण अडतंय! पण पाववाला भोंगा वाजवत आला की मी मागच्या दारी निघून जाते. गरम पावाचा वास सहन होत नाही. मुलाला, केल्विनला, हे सांगितलं तर तो म्हणाला, "मम्मी, तू तर लहान पोरीसारखी करतेस." त्याचं काय जातंय? सकाळी कामणच्या गोदामावर ड्युटीला गेला की दिवसभर वडापाव हाणायला मोकळा.

चर्चमधली सकाळची मिस्सा चुकवत नाही. खरं सांगायचं तर सेबेस्टियन गेल्यापासून मी तेवढ्यासाठीच अंथरुणातून उठते. फादरांच्या हातून ख्रिस्तशरीराचा इवला तुकडा जिभेवर आला की वाटतं, अजून कुणीतरी आहे आपल्याला. घरी येऊन चहा घेते न घेते तोच पोट ढवळायला लागतं. गव्हाला शिवलेही नाही, तरी हे काय?

९ ऑगस्ट

शेजारच्या ग्लोरियाने डोळे उघडले माझे. "अगं, खायलाच कशाला लागतं? तुझी सून दिवसभर मैद्यात लोळते. तो उडतो, तुझ्या ताटात पडतो. तुला दिसत नाही एवढंच."

मग मी बघत बसले. शॅनन मैदा चाळत होती. खिडकीतून ऊन आत आलं होतं आणि त्या उन्हात पीठ तरंगत होतं, सावकाश, कुठेही उतरायला मोकळं. माझ्या झाकलेल्या भाकऱ्या तीन हातांवर. तळपायाची आग मस्तकात गेली.

"घरात मैदा नको," मी म्हटलं.

"मम्मी, मी तुमचं सगळं झाकून ठेवते. शिवाय तुम्ही चर्चला असता तेव्हाच चाळते."

"म्हणजे माझ्या पाठीमागे!"

तिने चाळणी खाली ठेवली. केल्विन वर्तमानपत्रात तोंड घालून बसला होता. या मुलाला मी कणा द्यायचा विसरले की काय, असं कधी कधी वाटतं.

१८ ऑगस्ट

ओव्हन बंद. शॅननने त्यावर चादर घातली. चिंचोटीच्या एका रिसॉर्टची मोठी ऑर्डर होती, ती तिने माझ्यासमोर फोन करून नाकारली. मैद्याचं पिंप तिच्या माहेरी गेलं. सहा वर्षांची आमची सालोमी विचारत होती, "आजी, आता मम्मा केक कधीच नाही करणार?" मी म्हटलं, आजी बरी झाली की करील. पोर म्हणाली, मग लवकर बरी हो.

२९ ऑगस्ट

चार दिवस बाहेर गुडघाभर पाणी. चर्चचा रस्ता बंद, घरीच रोझरी म्हटली. आणि काय सांगू, पोट एकदम ठीक! काल तर दोनदा भात मागून घेतला. बघा, ओव्हन बंद केल्याचा गुण. जेवताना मी तसं बोलून दाखवलं. शॅनन माझ्याकडे बघतच राहिली. मग तिने केल्विनकडे बघितलं. पराभव पचवायला वेळ लागतो माणसाला.

८ सप्टेंबर

मरियामाउलीचा सण. नव्या भाताच्या लोंब्यांना आशीर्वाद मिळाला, मीही एक घरी आणून क्रुसाशी लावली. देवा, तांदूळ दिलास, उपकार तुझे.

पाणी ओसरल्यापासून पुन्हा रोज मिस्साला जाते आहे. आणि पोट पुन्हा पहिल्यासारखं. आजच्या सणालाही अर्धी मिस्सा होताच उठून घरी पळावं लागेल की काय, अशी भीती होती. कम्युनियनपर्यंत, ख्रिस्तशरीर घेईपर्यंत, तग धरला.

याचा अर्थ एकच. घरात कुठेतरी चोरून मैदा येतो आहे.

२६ सप्टेंबर

दुपारी भाकरी करताना शॅनन शेजारी येऊन उभी राहिली. हात पुसत राहिली, पुसतच राहिली. शेवटी म्हणाली, "मम्मी, एक बोलू? रागावू नका. तुम्ही सकाळी चर्चमध्ये..."

मी तिथेच तोडलं. "सकाळी मी चर्चमध्ये देवाचं नाव घेते. तू लोळत असतेस तेव्हा. माझ्या देवाला माझ्या पोटाच्या भानगडीत ओढू नकोस."

"तसं नाही हो, मी फक्त..."

"पुरे."

ती गेली. मला ठाऊक आहे ती काय म्हणणार होती: सकाळी उपाशीपोटी एवढं चालत जाऊ नका. म्हणजे दोष पुन्हा माझ्याच पायांचा. ही आजकालची मुलं रविवारची मिस्साही मोबाइलवर बघतील.

१२ डिसेंबर

रक्ताचा रिपोर्ट आला. सहा महिने गहू सोडून सिलिअॅकचा आकडा जवळजवळ तिथेच. डॉ. जागृतींच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. "कुठून तरी जातंय, मॅग्डलीनबाई. थोडं थोडं, पण नियमित. बाहेर काही खाता का?"

"डॉक्टर, मी बाहेर पाणीसुद्धा पीत नाही."

"सकाळी उठल्यापासून तोंडात काय काय जातं, सगळं सांगा."

सगळं सांगितलं. चहा, भाकरी, कालवण, भात, केळं, रात्रीचं दूध, गोळ्या, टूथपेस्टसुद्धा. त्यांनी गोळ्यांची नावं तपासली, टूथपेस्टही तपासली. काही सापडलं नाही. हाडंही ठिसूळ झाली आहेत म्हणाल्या. हे असंच चाललं तर आतड्याला पुढे आणखी वाईट काही होऊ शकतं, तो शब्द त्यांनी उच्चारला नाही आणि मीही विचारला नाही.

घरी आले तर सालोमीच्या हातात बिस्किट. माझा तोल गेला. शॅननला म्हणाले, तू मला मारायला टपली आहेस. म्हणाले, तुझ्या केकसाठी तुला हे घर रिकामं हवं आहे. पोरीसमोर म्हणाले. शॅनन रडली नाही. तिने सालोमीच्या हातातलं बिस्किट काढून घेतलं, फरशीवर पडलेले कण ओल्या फडक्याने टिपले आणि पोरीला घेऊन आत गेली.

आता लिहिताना कळतंय, पोरीसमोर तरी बोलायला नको होतं. पण मग आकडा उतरत का नाही? कुणीतरी सांगा मला.

२५ डिसेंबर

नाताळ. घरात करंजी नाही, केक नाही. तांदळाच्या पिठाचं काहीतरी शॅननने केलं होतं, ते मी खाल्लं नाही. विश्वास उरला नाही. मध्यरात्रीच्या मिस्साला मात्र गेले. रांगेत उभी असताना सेबेस्टियनची फार आठवण आली. तो माझ्यापुढे उभा राहायचा.

५ जानेवारी २०२५

गेली ती. माणिकपूरला भाड्याचा फ्लॅट घेतला आहे. टेम्पोत सगळ्यात आधी ओव्हन चढला.

काल संध्याकाळी वाडीतल्या केळींमागे दोघं भांडत होती. मी दोरीवरचे कपडे काढत होते, कानावर आलं.

"तू सांगतोस की मी सांगू?" ही शॅनन.

"गप्प बस. एवढंच उरलंय तिच्याकडे. ते मी काढून घेणार नाही."

"आणि मग ती अशीच झिजत गेली तर?"

"एवढ्याशाने काही होत नसतं."

"मला मैद्याचं शिकवू नकोस, केल्विन. सगळे शिव्याशाप मी खायचे आणि तू गप्प बसायचं. मला नाही राहायचं इथे."

एवढंच उरलंय म्हणजे हे घर, दुसरं काय! सेबेस्टियनच्या बापाने बांधलेलं घर सून मागते आहे, आणि माझा मुलगा निदान त्याला तरी नाही म्हणाला. त्याचं बरं वाटलं. पण शेवटी गेला तिच्याबरोबरच.

सालोमी रिक्षातून मागे वळून हात हलवत होती. मी फाटकाशी उभी राहिले आणि हात वर केला नाही. का केला नाही, माहीत नाही.

११ फेब्रुवारी

घरात मी एकटी. फडताळं सोड्याच्या पाण्याने धुतली, भिंती पुसल्या, पंख्याची पाती पुसली. महिना झाला, घरात गव्हाचा कण नाही.

पोट तसंच.

पाचूबंदरची मासळीवाली टोपली उतरवून माझ्याकडे बघत म्हणाली, "बाय, तुझी हाडकां निघाली गं. कोन नाय का घरी?" मी म्हटलं, आहेत सगळे. तिने एक बोंबील जास्त टाकला. अशी दया आली की मला राग येतो.

मैदा नाही, शॅनन नाही, तर मग हे काय आहे? हा प्रश्न मी मनात आला की लगेच बाजूला सारते.

२ मार्च

न्हाणीघरात पाय घसरला. पडले तीही हळूच, पण डावं मनगट मोडलं. अशा पडण्याने हाड मोडायला नको होतं, हाडाचे डॉक्टर म्हणाले. केल्विन धावत आला, गोदामाच्या गणवेशातच. प्लास्टर होईपर्यंत माझा हात धरून बसला होता. "मम्मी, माझ्याबरोबर चल." मी म्हटलं, मैद्याच्या घरात? त्याने मान खाली घातली.

मिस्साला जाता येणार नाही. चक्कर येते.

७ मार्च

महिन्याचा पहिला शुक्रवार. आजारी माणसांना घरी कम्युनियन द्यायला फादर येतात. आपले जुने फादर बदलून गेले, हे नवे, फादर गॉडफ्रे. तरुण आहेत. मी टेबलावर पांढरा कपडा घातला, मेणबत्ती लावली.

प्रार्थना झाली. त्यांनी पवित्र भाकरीची छोटी सोनेरी डबी उघडली. सहज विचारावं तसं विचारलं, "हाताखेरीज तब्येत कशी आहे?" मी सांगितलं, सिलिअॅक आहे, गव्हाचा कणही चालत नाही, नऊ महिने पथ्य पाळूनही उतार नाही, सून मैदा उडवायची, तिला घराबाहेर काढावं लागलं. सगळं एका दमात.

फादरांचा हात तिथेच थांबला. मग त्यांनी डबी बंद केली.

"मॅग्डलीनबाई, तुम्ही रोज कम्युनियन घेता?"

"रोज. हात मोडेपर्यंत एक दिवस चुकला नाही, पावसात रस्ता बंद होता तेवढे चार सोडले तर."

"ही भाकर गव्हाची असते."

मला आधी कळलंच नाही ते कशाबद्दल बोलत आहेत. मग कळलं आणि मी त्यांच्यावर ओरडले. होय, फादरांवर. म्हटलं, हे प्रभूचं शरीर आहे! तुम्हीच शिकवता ना, भाकर भाकर राहत नाही? मग हा गहू कुठून आला? प्रभू मला आजारी पाडेल?

ते शांत होते. म्हणाले, प्रभू आजारी पाडत नाही. आपली श्रद्धा खरीच आहे, पण भाकरीचे जे गुण असतात ते तसेच राहतात. रंग राहतो, चव राहते, गव्हाचा गुणही राहतो. आधीच्या चर्चमध्ये एक मुलगा होता असाच, त्याला ते वेगळ्या कपातून फक्त द्राक्षारस द्यायचे, ज्या कपात भाकरीचा तुकडा पडलेला नसतो तो. तांदळाची भाकर चालत नाही, तसा नियमच आहे. "पुढच्या वेळी मी तसं आणतो," म्हणाले आणि मला नुसता आशीर्वाद देऊन गेले.

मेणबत्ती मी विझवली नाही. जळून संपली.

८ मार्च

केल्विनला फोन केला. फादर काय म्हणाले ते सांगितलं. पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"केल्विन?"

"मम्मी, आम्हाला माहीत होतं."

"कधीपासून?"

"पाणी भरलं होतं तेव्हापासून. तू चार दिवस गेली नाहीस आणि बरी होतीस. शॅननच्या लक्षात आलं. तिला तुला सांगायचं होतं. मीच सांगू दिलं नाही." तो रडत होता. "पप्पा गेल्यावर तू फक्त त्यासाठी उठायचीस. मला वाटलं, एवढासा तर तुकडा."

मी फोन ठेवला. मला त्याला शिव्या द्यायच्या होत्या, पण दिल्या नाहीत. सांगायला तर ती आली होती. भाकरी करत होते मी तेव्हा. मीच तिचं तोंड बंद केलं.

२१ मार्च

पोट शांत आहे. दोन आठवडे झाले.

मला हे नको होतं. निदान एकदा तरी दुखावं, म्हणजे म्हणता येईल की फादर चुकले. सकाळी उठवत नाही. उठून काय करू? इतके महिने मी ज्याच्याकडे बरं कर म्हणून रोज मागत होते, मागून झालं की त्याच्याचसमोर जीभ पुढे करत होते. देवा, तू तेव्हा काय विचार करत होतास माझ्याबद्दल? हसत होतास का? हे लिहू नये, पण लिहिते.

१७ एप्रिल

पवित्र गुरुवार, प्रभूच्या शेवटच्या जेवणाचा दिवस. फादरांनी माझ्यासाठी वेगळा कप ठेवला होता. सगळी रांग संपल्यावर मला बोलावलं. अख्खं चर्च बघत होतं. ग्लोरिया तर मान वाकडी करून. एक घोट घेतला. आंबट. नेहमीचं समाधान मिळालं का? नाही. परत जागेवर बसले तेव्हा डोक्यात एकच होतं, माणिकपूरला जायचं. त्याआधी इथे काही मागायला तोंड नाही.

२० एप्रिल, ईस्टर

रिक्षा केली आणि गेले. तिसरा मजला, लिफ्ट बंद. कठड्याला धरून, थांबत थांबत चढले.

दार शॅननने उघडलं. हात कोपरापर्यंत पिठाने भरलेले. मागे टेबलभर केक, ईस्टरच्या ऑर्डरी. जमिनीवर, खुर्च्यांवर, पडद्यावरसुद्धा पांढरं. ती दार अडवून उभी राहिली.

"मम्मी, आत येऊ नका. सगळीकडे मैदा आहे."

मग मी जिन्यातच बोलले. म्हटलं, शॅनन, माझं चुकलं. मी तुझ्यावर नको ते आरोप केले. तू सांगायला आली होतीस आणि मी ऐकलं नाही. तीस वर्षं वर्गात बोलण्यात गेली, पण एवढं बोलायला मला भिंतीला टेकावं लागलं.

तिने मागे वळून टेबलावरच्या केककडे पाहिलं. मग म्हणाली, "मला राग आहे, मम्मी. खूप आहे. तुमचा आहे, केल्विनचा त्याहून जास्त आहे. आज चार वाजेपर्यंत केक द्यायचेत, आज मला रडायलाही फुरसत नाही." पुढे म्हणाली, "मी परत येणार नाही तिकडे."

"नको येऊस," मी म्हटलं. "तुझं काम इथे आहे."

तेवढ्यात आतून सालोमी "आजी!" म्हणत सुटली. तोंडाला क्रीम, हातात केकचा तुकडा. मी वाकले, हात पुढे केले. शॅननने पोरीला मधल्या मध्ये पकडलं.

"आधी हात."

दारातून मोरी दिसत होती. तिने पोरीचे हात धुतले. साबणाने, बोटांच्या फटीतून, नखांखालून. मग तोंड. मग पुन्हा हात. फ्रॉक काढून दुसरा घातला. केस झटकले. सालोमी कुरकुरत होती, "मम्मा, बस ना!" शॅनन म्हणाली, "आजीला चालत नाही ना, गप्प उभी राहा." घाई नव्हती तिच्या हातांना, जरी ओव्हनची घंटी वाजत होती. हे हात वर्षानुवर्षं माझ्या स्वयंपाकघरात होते, आणि मी त्यांना काय काय म्हटलं.

सालोमी ओल्या तोंडाने माझ्या गळ्यात पडली. साबणाचा वास येत होता तिला. मी तिला धरून रडले, अगदी मोठ्याने, शेजारच्यांनी दार किलकिलं करून बघितलं तरी.

शॅनन दारातच उभी होती. मी सालोमीला बाजूला केलं आणि शॅननकडे एक पाऊल टाकलं. मला तिलाही जवळ घ्यायचं होतं. ती मागे सरकली आणि दोन्ही हात पाठीमागे लपवले.

"नको, मम्मी," म्हणाली. "माझ्या अंगावर मैदा आहे."